झाडांसाठी घर बदलायचं का?

पत्राचा सारांश: चाळिशीला टेकलेल्या एका वाचक भगिनीचं पत्र. मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत, सातव्या मजल्यावर त्या राहतात. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आठवड्यातले बरेच दिवस त्या घरूनच काम करतात. टेबल खिडकीशी आहे, पण खिडकीतून दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत. पूर्वी दोन इमारतींच्या मध्ये एक मोठं झाड होतं, दोन वर्षांपूर्वी ते तोडलं. साधारण तेव्हापासून चिडचिड वाढली आहे. पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग डोक्यात तेच ते विचार फिरत राहतात. कामात चित्त लागत नाही. सुटीच्या दिवशी शहराबाहेर डोंगरात गेलं की बरं वाटतं, परतताना शहराचे दिवे दिसू लागले की छातीवर दडपण येतं. शहराच्या अगदी टोकाला, झाडीत उभा राहणारा एक गृहप्रकल्प त्यांनी पाहून ठेवला आहे. तिथे गेल्यास नवऱ्याचे रोजचे चार तास प्रवासात जातील, मुलीची शाळा बदलेल, सासूबाईंच्या मैत्रिणी सुटतील. नवरा म्हणतो, "झाडांसाठी कुणी घर सोडतं का?" घरापासून दहा मिनिटांवर सार्वजनिक बाग आहे, पण "तो काही निसर्ग नव्हे, नुसती गर्दी आणि फरशा," असं त्या लिहितात. शिवाय एकटीने जाऊन बसायचा संकोच वाटतो. त्यांचा प्रश्न: "मी घरासाठी हट्ट धरू, की हे माझे नुसते लाड आहेत असं समजून गप्प बसू?"

प्रिय ताई,

हे लाड आहेत का, असं विचारलंत. अजिबात नाहीत. तुमच्या टेबलासमोर आहे तशाच एका भिंतीवर या विषयातला एक गाजलेला अभ्यास उभा आहे. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली, आणि रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे अशा धाटणीच्या परिचारिकांच्या नोंदीही त्यांच्याबाबत कमी होत्या. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर जगभर जे काम झालं त्याचा कल बहुतेक त्याच दिशेचा राहिला. त्याच्या कितीतरी आधी, १८४० साली, लंडनच्या ईस्ट एंड या दाटीवाटीच्या आणि गरीब भागासाठी बाग मागणाऱ्या अर्जावर ३० हजार सह्या झाल्या होत्या. १८४५ मध्ये तिथे व्हिक्टोरिया पार्क खुलं झालं. हातातोंडाची गाठ पडण्याची मारामार असलेल्या वस्तीतसुद्धा मोकळी हिरवी जागा ही गरज मानली गेली. तुमच्या पतींना एवढं जरूर वाचून दाखवा.

पण म्हणून लगेच घराकडे उडी नको. गरज खरी असली, तरी तिच्यावर तुम्ही शोधलेला उपायही बरोबरच असेल असं नाही. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत, की त्या सोडवल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणं मला जमणार नाही.

त्याआधी एक काम, आणि ते याच आठवड्यात करा. पहाटे तीनला उघडणारे डोळे, चिडचिड, कामात चित्त नसणं, हे दोन वर्षं चाललंय. इतके दिवस हे अंगावर काढायचं नसतं. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायचं का ते त्यांना विचारा, पाळीत काही बदल झाला असेल तर तोही सांगा, कारण चाळिशीच्या आसपास यातल्या कशानेही झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. ते सगळं ठीक निघालं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हे नैराश्य आहे, चिंता आहे की साठलेला थकवा, हे पत्रावरून ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. झाडं उपचारांना हातभार लावतात, पण ती उपचारांची जागा घेत नाहीत. आणि जगणंच नकोसं झालंय असा विचार कधी डोकावला, तर त्याच क्षणी घरातल्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. तिथे दुसऱ्या कुठल्याही उपायाची वाट पाहायची नाही.

आता तुमच्या सुटीच्या दिवसाकडे जरा बारकाईने पाहू. डोंगरात बरं वाटतं, म्हणजे निसर्गाने बरं वाटतं, असा हिशेब तुम्ही मांडलाय. पण त्या दिवसात आणखी काय काय असतं? ऑफिसचे फोन नसतात. स्वयंपाक करावा लागत नाही. चार-पाच तास पायांना काम असतं. नवरा आणि मुलगी सोबत असतात आणि कुणाच्याही हातात मोबाइलचा पडदा नसतो. रात्री थकून झोप लागत असणार. यातला डोंगराचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे तुम्हाला आज माहीत नाही. नव्या घरी डोंगर रोज मिळेल, पण बाकीचं? नवरा पहाटे बाहेर पडून रात्री उशिरा घरी येईल, घरचं बरंचसं तुमच्या एकटीवर पडेल, सासूबाईंचा करमणुकीचा भारही तुमच्यावरच येईल. म्हणजे सुटीच्या दिवसातली झाडं तेवढी तुमच्यासोबत तिथे येतील आणि माणसं इकडे राहतील, असंही होऊ शकतं. मला या बेतातली सगळ्यात मोठी काळजी हीच वाटते.

झाडांमुळे नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा जाईल. मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीव्हन कॅप्लन यांचं म्हणणं असं, की एका गोष्टीवर ठरवून लक्ष लावण्याची आपली ताकद खर्च होत जाते. पडद्यावरचं काम, रहदारी, सतत वाजणारा फोन हे सगळं ती खर्च करतात. हलणारी पानं, ऊन-सावली, पाखरांची ये-जा यांकडे मात्र लक्ष आपसूक जातं, ओढून न्यावं लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेली ताकद भरून येते. पहाटे डोक्यात फिरणाऱ्या विचारांबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याच्याशी थेट संबंध असलेला एक प्रयोग ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही निरोगी माणसांना ९० मिनिटं झाडा-गवतातून चालायला लावलं, काहींना भरगच्च रहदारीच्या रस्त्याकडेने. झाडांतून चालून आलेल्यांचं तेच ते दुःख उगाळणं कमी झालं, आणि अशा उगाळण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्याकडेने चाललेल्यांत असं काही दिसलं नाही. चालणं दोघांचंही तेवढंच होतं, हे लक्षात घ्या.

इथे मला तुमच्या बागेकडे वळायचं आहे, कारण तिच्यावर तुम्ही अन्याय केलाय असं मला मनापासून वाटतं. २००८ मध्ये मार्क बर्मन यांनी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात असाच एक प्रयोग केला होता. एकदा माणसांना गावातल्या वृक्षोद्यानात फिरवलं, एकदा बाजारपेठेत, आणि परतल्यावर ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणायला सांगितले. वृक्षोद्यानातून आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. ते उद्यान होतं, लावलेल्या झाडांचं, पायवाटांचं, रान नव्हतं. त्यातही, जे कडाक्याच्या थंडीत फिरले त्यांना ते फिरणं फारसं आवडलं नव्हतं, तरी फायदा तेवढाच झाला. म्हणजे बागेत गेल्यावर तुम्हाला डोंगरासारखं भारून गेल्यासारखं वाटलं नाही, तरी बाग आपलं काम करत असते. "आज काही खास वाटलं नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी जायचं टाळू नका.

किती वेळ, हा प्रश्न बरेच वाचक विचारतात. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला मॅथ्यू व्हाइट यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्यातून एकूण किमान १२० मिनिटं हिरव्या जागी घालवणाऱ्या माणसांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ही मिनिटं एकदम घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही, आणि त्यात शहरातल्या बागाही धरलेल्या होत्या. अर्थात मुळात ज्यांची तब्येत बरी तीच माणसं जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं. एका पाहणीवरून कारण आणि परिणाम ठरत नाहीत. तरी मला हा आकडा आवडतो, तो आवाक्यातला आहे म्हणून. दिवसाला साधारण १७ मिनिटं होतात. दहा मिनिटांवरची बाग हे सहज देऊ शकते, दोन तासांवरचा डोंगर रोज नाही देऊ शकत.

तर तीन महिने त्या बागेला द्या. सकाळी काम सुरू करण्याआधी किंवा दुपारी ऊन उतरताना, पण वेळ एकच ठेवा. फोन पिशवीत. फरशांवरून चार फेऱ्या मारून परत येऊ नका, एखादं जुनं झाड निवडा आणि रोज त्याच्याजवळ थोडं थांबा. आधी काहीच दिसणार नाही. मग खोडाच्या भेगेतून वर जाणारी मुंग्यांची रांग दिसेल, ती एका ठिकाणी वळसा का घेते ते शोधावंसं वाटेल. कधीतरी छाटलेल्या फांदीच्या जागी सालीने चारी बाजूंनी जाडसर वळ धरलेला असतो आणि जखम कडेकडून बुजवत आणलेली असते, मध्ये अजून थोडं उघडं लाकूड राहिलेलं. हे पाहताना पाच मिनिटं कुठे गेली कळत नाही, आणि त्या पाच मिनिटांत डोक्यातलं चक्र थांबलेलं असतं.

एकटीने बसायच्या संकोचाला मी लहान मानत नाही. बागेतल्या बाकावर एकटी बाई दिसली की लोक तिच्याकडे 'ही इथे का बसलीय' अशा नजरेने पाहतात, हे आपल्यापैकी अनेकींनी सोसलंय. यात चूक बसणारीची नाही. पहिले काही दिवस बसू नका, चाला. चालणाऱ्या बाईकडे कुणी फारसं पाहत नाही. रोज एकाच वेळी गेलात की पंधरवड्यात चेहरे ओळखीचे होतात, माळी आणि रखवालदार ओळखू लागतात, आणि मग बाकावर बसणं आपोआप जमतं. फाटकाजवळचा, फेऱ्या मारणाऱ्यांच्या नजरेतला बाक निवडा. कुणी त्रास दिलाच तर उठून निघून येण्याआधी रखवालदाराच्या कानावर घाला, तुमच्यानंतर येणाऱ्या मुलींच्या उपयोगी पडेल. आणि सासूबाईंना विचारून पाहा. त्यांच्या मैत्रिणी भेटतात कुठे? बागेतच भेटत असतील, किंवा भेटू शकत असतील, तर सोबतीचा प्रश्न घरातच सुटला. मुलीला आठवड्यातून दोन-तीनदा न्या, पण रोज नको. काही वेळ तुमचा एकटीचा असू दे.

खिडकीसमोरच्या झाडाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय. मला वाटतं, त्या ओळीत तुम्ही दाखवलंय त्याहून जास्त दुःख आहे. बरीच वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेलं काही एका दुपारी नाहीसं झालं आणि त्याबद्दल कुणी बोललंही नाही. त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. समुपदेशकाकडे गेलात तर हे सांगायला लाजू नका. त्या जागी नवं झाड लागू शकेल का, याची चौकशी सोसायटीत आणि महापालिकेच्या उद्यान विभागात लेखी करा. लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं, तोंडी विनंती विसरली जाते. आजूबाजूच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं असेल तर ते फोडून मातीचं आळं मोकळं करायला सांगा. त्याला खर्च फार नसतो आणि झाड त्याने वाचतं. फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक जागा निवडून त्यांतल्या काहींवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, काहींवर फक्त सफाई केली, काही तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांत उदास वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईने असा ठळक फरक पडला नाही. एवढ्या तुकड्यांनीही माणसांना बरं वाटतं, ही मला फार आश्वासक गोष्ट वाटते. पण हे काम चार शेजारणी सोबत असतील तरच हाती घ्या, आणि झोप थोडी सुधारल्यावर. आत्ता एकटीने लढाई अंगावर घेतलीत तर तीच पहाटे तीनला उठवेल. खोलीतल्या कुंड्यांबद्दल थोडक्यात सांगते. आवड असेल तर जरूर ठेवा, पण बाहेर जाण्याऐवजी कुंड्या, असं करू नका.

आता नवं घर. तुमच्या बाजूने असलेला पुरावा मी लपवणार नाही. ब्रिटनमधल्या घर बदललेल्या १,०६४ लोकांचा माग ठेवणारा, इयन अल्कॉक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. जास्त हिरव्या भागात गेलेल्यांची मनःस्थिती सुधारली आणि पुढची तीनही वर्षं चांगली राहिली. नव्याची नवलाई ओसरल्यावर विरून जाणारा हा फरक नव्हता. त्यामुळे घर बदलायचा विचार वेडगळ आहे असं कुणी म्हटलं, तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पण 'हिरवं' म्हणजे काय, ते तपासा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी, वोलोंगाँग आणि न्यूकॅसल या शहरांत ४५ वर्षांवरच्या ४६ हजारांहून अधिक लोकांवर टॉमस अ‍ॅस्टेल-बर्ट आणि शाओची फेंग यांनी केलेल्या अभ्यासात, घराच्या आसपास झाडांची छाया ३० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांत मानसिक त्रासाची शक्यता, अगदी कमी छाया असलेल्यांच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी कमी आढळली. नुसत्या गवताने तसा फायदा दिसला नाही. जाहिरातीतली हिरवळ बहुतेक वेळा गवताचीच असते. तुम्ही पाहिलेल्या प्रकल्पात आज उभी असलेली झाडं पुढच्या इमारती उठल्यावर राहणार आहेत का? मंजूर नकाशा मागा आणि त्यावर बोट ठेवून विचारा. कामाच्या दिवशी सकाळी तिथून निघून पतींच्या ऑफिसपर्यंत तुम्ही दोघं मिळून एकदा प्रवास करा आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत या. शक्य असेल तर त्या भागात महिनाभर भाड्याने राहून पाहा, मुलीच्या सुटीत.

पतींशी बोलताना मात्र घरापासून सुरुवात करू नका. "तिकडे राहायला जाऊ या" असं म्हटलं की ते प्रवास, कर्ज आणि शाळा मोजू लागतात, आणि त्यांचंही चूक नाही. त्यांना पहाटे तीनबद्दल सांगा. दोन वर्षं बायको रोज पहाटे जागी असते, हे शेजारी झोपलेल्या माणसाला अनेकदा ठाऊकच नसतं. डॉक्टरांकडे सोबत यायला सांगा. "झाडांसाठी घर सोडतं का कुणी" हे वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून तसंच निघेल असं मला वाटत नाही.

आणि शेवटी, तुम्ही दोघांनीही न पाहिलेली एक वाट आहे. सध्याचं घर की शहराचं टोक, एवढेच दोन पर्याय पत्रात आहेत. शहरातल्या हिरवाईचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये एक साधा नियम मांडला: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के झाडांची छाया असावी आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. तो नगररचनेसाठी आहे, पण घर शोधतानाही वापरता येतो. तुमच्याच भागात, दोन-चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, जिथे झाडांचे शेंडे थेट खिडकीशी येतात, असं घर भाड्याने मिळू शकतं का? शाळा तीच राहील, सासूबाईंच्या मैत्रिणी त्याच, पतींचा प्रवास तेवढाच. वरच्या मजल्याचा उजेड आणि वारा थोडा सुटेल, डासही येतील, ते गृहीत धरा. तीन महिने बागेचे आणि उपचारांचे झाले, की सगळे मिळून बसा आणि तिन्ही घरं समोर ठेवून ठरवा. अशी घरं पाहायला जाल तेव्हा दिवाणखान्यात उभं राहून बोलू नका. तुमचं टेबल जिथे येईल त्या खिडकीशी खुर्ची ओढून दहा मिनिटं बसा, आणि खाली उतरल्यावर शेजाऱ्यांना विचारा की समोरच्या प्लॉटवर नवं बांधकाम येणार आहे का.